अमेरिकेत अँटीट्रस्टचं प्रकरण कोणाकडे जातं? डीओजे आणि एफटीसीची वाटणी, पायरीपायरीने

जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या सन फार्माला रॅनबॅक्सी घ्यायला अमेरिकेतून हिरवा कंदील मिळाला, पण एका अटीवर. मिनोसायक्लिन या जेनेरिक अँटिबायोटिकचा रॅनबॅक्सीचा तिथला हिस्सा टोरंट फार्माला विकायचा. अट घातली होती फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे एफटीसीने. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईच्याच ग्लेनमार्कच्या अमेरिकी कंपनीने तीन कोटी डॉलर दंड भरायचं मान्य केलं. प्रॅव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीचे भाव इतर कंपन्यांशी संगनमत करून ठरवल्याचं ते फौजदारी प्रकरण होतं. तिथे समोर एफटीसी नव्हती. समोर होता अमेरिकेच्या न्याय खात्याचा, म्हणजे डीओजेचा, अँटीट्रस्ट विभाग. अँटीट्रस्ट म्हणजे मक्तेदारी आणि संगनमत रोखून बाजारातली स्पर्धा जपणारा कायदा.

दोन्ही कंपन्या मुंबईच्या, दोन्हींचा माल जेनेरिक गोळ्यांचा, बाजारही एकच. तरी एक प्रकरण एका दारात गेलं आणि दुसरं दुसऱ्या. बातम्या वाचताना ‘औषधं म्हणजे एफटीसी’ असं सोपं सूत्र पाठ केलेला माणूस इथे अडकतो.

हा लेख अशांसाठी आहे: अमेरिकेत एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करायला निघालेले विद्यार्थी, अमेरिकेत उपकंपनी असलेल्या फार्मा-आयटी कंपन्यांच्या सेक्रेटेरियल आणि लीगल खात्यात नव्याने लागलेली मंडळी, तिथे नोकरी करणारे मराठी इंजिनिअर, आणि गूगल-मेटाच्या खटल्यांच्या बातम्या वाचून ‘यातलं नक्की कोण कोण?’ असं विचारणारे. खालचे प्रश्न दिलेल्या क्रमानेच विचारा. क्रम बदललात तर उत्तर चुकतं.

पायरी १ : तीन कायदे ओळखून घ्या

पहिला १८९० चा शर्मन कायदा. त्याचं कलम १ संगनमताविरुद्ध आहे आणि कलम २ मक्तेदारी मिळवण्या-टिकवण्याच्या गैरमार्गांविरुद्ध. नुसतं मोठं असणं हा गुन्हा नाही, हे इथेच डोक्यात पक्कं करून ठेवा. दुसरा १९१४ चा क्लेटन कायदा. त्याच्या कलम ७ नुसार स्पर्धा बरीच कमी होण्याची शक्यता असेल तर विलीनीकरण किंवा ताबा थांबवता येतो. तिसरा त्याच वर्षीचा एफटीसी कायदा. त्याचं कलम ५ ‘स्पर्धेच्या अनुचित पद्धतीं’ना मनाई करतं.

कागदावर वाटणी स्वच्छ दिसते. शर्मन डीओजेचा, कलम ५ एफटीसीचं, क्लेटन दोघांचा. प्रत्यक्षात ती तशी राहिलेली नाही. शर्मन कायदा मोडणारं वर्तन कलम ५ मध्येही बसतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९४८ च्या सिमेंट इन्स्टिट्यूटच्या खटल्यात स्पष्ट केलं. त्यामुळे एखाद्या कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध दोघांपैकी कोणीही उभं राहू शकतं.

अशी दुहेरी व्यवस्था मुळात केलीच का? १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलचे ३४ तुकडे करण्याचा आदेश कायम केला, पण त्याच निकालात म्हटलं की कायदा फक्त ‘अवाजवी’ निर्बंधांना लागू होतो. वाजवी काय आणि अवाजवी काय, हे मग न्यायाधीशांच्या मर्जीवर आलं. काँग्रेसला ते पटलं नाही. व्यापार समजणाऱ्या तज्ज्ञांचं एक कमिशन हवं, असा सूर निघाला आणि सप्टेंबर १९१४ मध्ये वुड्रो विल्सन यांनी एफटीसी कायद्यावर सही केली. पण नवं कमिशन आणताना न्याय खात्याचे जुने अधिकार कोणी काढून घेतले नाहीत. आजची सगळी गुंतागुंत तिथून आलेली आहे. तिच्यामागे कुठलीही थोर योजना शोधत बसू नका.

पायरी २ : दोन संस्थांचा स्वभाव समजून घ्या

डीओजेचा अँटीट्रस्ट विभाग हा सरकारी खात्याचा भाग आहे. त्याच्या प्रमुखाला असिस्टंट अ‍ॅटर्नी जनरल म्हणतात. राष्ट्राध्यक्ष त्याची नेमणूक करतात, सिनेट तिला मान्यता देतं, आणि तो अ‍ॅटर्नी जनरलच्या हाताखाली काम करतो. निर्णय एका माणसाचा. हा विभाग म्हणजे मुळात वकिलांचं कार्यालय. खटला लढवायचा तर कोर्टात जाणार, दुसरा रस्ता नाही.

एफटीसीमध्ये पाच कमिशनर, सात वर्षांची मुदत, आणि एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नाहीत, अशी कायद्याची रचना आहे. निर्णय मतदानाने होतात. तिच्याकडे ग्राहक संरक्षणाचंही काम आहे. फसव्या जाहिराती, खासगी माहितीचा गैरवापर वगैरे. ‘एफटीसीने कारवाई केली’ अशी बातमी दिसली की ती अँटीट्रस्टचीच असेल असं समजू नका. आधी बघा, ब्युरो ऑफ कॉम्पिटिशनची आहे की ब्युरो ऑफ कन्झ्युमर प्रोटेक्शनची.

कमिशनरांना राष्ट्राध्यक्ष मनाला येईल तेव्हा काढू शकत नाहीत, हे १९३५ च्या हम्फ्रीज एक्झिक्युटर या निकालापासून गृहीत धरलं जात होतं. मार्च २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी दोन डेमोक्रॅट कमिशनरांना काढलं आणि तो वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. जुनी पाठ्यपुस्तकं वाचत असाल तर ‘स्वतंत्र कमिशन’ हे शब्द सावधपणे वाचा.

पायरी ३ : पहिला प्रश्न, प्रकरण फौजदारी आहे का?

भाव ठरवून घेणं, निविदेत रिंग करणं, गिऱ्हाईकं किंवा प्रदेश आपसात वाटून घेणं. प्रतिस्पर्ध्यांमधलं असं उघडउघड संगनमत असेल तर पुढचा एकही प्रश्न विचारायची गरज नाही. ते डीओजेचं. एफटीसीला फौजदारी अधिकारच नाहीत. तपासात तसं काही सापडलं तर ती फाइल न्याय खात्याकडे पाठवते.

ग्लेनमार्कचं कोडं इथे सुटतं. औषध कंपन्यांची विलीनीकरणं आणि पेटंटवाले ‘पैसे घ्या आणि जेनेरिक उशिरा आणा’ अशा तडजोडी ज्या करतात, ती प्रकरणं वर्षानुवर्षं एफटीसीकडे आहेत. सन फार्मा-रॅनबॅक्सी त्यातलंच. पण भाव संगनमताने ठरवल्याचा आरोप आला की उद्योग कुठला हे गौण ठरतं. म्हणून ‘कोणता धंदा?’ याच्या आधी ‘काय केलं?’ हा प्रश्न विचारायचा.

शिक्षा हलकी नाही. शर्मन कायद्याखाली कंपनीला दहा कोटी डॉलरपर्यंत, व्यक्तीला दहा लाख डॉलरपर्यंत दंड आणि दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. दंडाची ही मर्यादाही ओलांडता येते, कारण संगनमतातून झालेल्या नफ्याच्या किंवा नुकसानीच्या दुप्पट रक्कम लावण्याची सोय वेगळ्या कायद्यात आहे. म्हणूनच १९९९ मध्ये व्हिटॅमिन्सच्या प्रकरणात हॉफमन-ला रोशने पन्नास कोटी डॉलर भरले.

हे काम कसं चालतं ते बघायचं तर १९९० च्या दशकातलं लायसिनचं प्रकरण बघा. लायसिन म्हणजे कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात घालायचं अमिनो आम्ल. आर्चर डॅनियल्स मिडलँड (एडीएम) आणि आशियातल्या काही कंपन्यांचे अधिकारी हॉटेलांत जमत आणि वर्षाला कोणी किती टन विकायचं ते ठरवत. बाहेर दाखवायला एका व्यापारी संघटनेच्या बैठकीचं निमित्त. एडीएमचाच एक वरिष्ठ अधिकारी एफबीआयचा खबरी होता आणि खोलीत छुपं रेकॉर्डिंग चालू होतं. १९९६ मध्ये लायसिन आणि सायट्रिक अ‍ॅसिड अशी दोन्ही प्रकरणं मिळून एडीएमने दहा कोटी डॉलर दंड भरला. अधिकारी तुरुंगात गेले. भारतात स्पर्धा आयोग संगनमताबद्दल जबर दंड लावतो, पण संगनमत हाच गुन्हा म्हणून तुरुंग नाही. आपल्याकडून गेलेल्या मंडळींना हा फरक लवकर पचत नाही.

आयटीवाल्यांसाठी एक गोष्ट. ‘आम्ही तुमची माणसं घेणार नाही, तुम्ही आमची घेऊ नका’ हा दोन कंपन्यांमधला करारही याच खात्यात मोडतो. २०१० मध्ये डीओजेने अ‍ॅपल, गूगल, इंटेल, अ‍ॅडोबी, इन्ट्युइट आणि पिक्सार यांच्याविरुद्ध यासाठी दिवाणी दावा लावला आणि तो तडजोडीने मिटला. ऑक्टोबर २०१६ मध्ये दोन्ही संस्थांनी मिळून एचआर विभागांसाठी मार्गदर्शिका काढली आणि यापुढे असे नुसते करार फौजदारी समजले जातील, असा इशारा डीओजेने दिला. एप्रिल २०२५ मध्ये लास व्हेगासच्या ज्युरीने घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या नर्सेसचे पगार संगनमताने ठरवल्याबद्दल एका अधिकाऱ्याला दोषी धरलं. पगार हाही भावच.

पायरी ४ : दुसरा प्रश्न, एफटीसीला या धंद्यात हात घालता येतो का?

कलम ५ मधून काही क्षेत्रं कायद्यानेच वगळली आहेत. बँका, विमान कंपन्या आणि सार्वजनिक वाहतूक किंवा दळणवळण सेवा देणाऱ्या ‘कॉमन कॅरिअर’ कंपन्या ही त्यातली ठळक. ही प्रकरणं सहसा डीओजेकडे, सोबत त्या त्या क्षेत्राचा नियामक. बँकांसाठी फेडरल रिझर्व्ह आणि इतर बँक नियामक, दूरसंचारासाठी एफसीसी. जेटब्लूने स्पिरिट एअरलाइन्स घ्यायचं ठरवलं तेव्हा मार्च २०२३ मध्ये खटला डीओजेने भरला आणि जानेवारी २०२४ मध्ये बोस्टनच्या न्यायालयाने तो सौदा रोखला.

ना-नफा संस्थांचं जरा गमतीचं आहे. कलम ५ खाली एफटीसीचा अधिकार मुळात नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांवर. पण क्लेटनच्या कलम ७ खाली ती ना-नफा रुग्णालयांची विलीनीकरणं अडवू शकते, आणि नेमाने अडवते. मग त्याच रुग्णालयाने विमा कंपन्यांवर जाचक अटी लादल्या तर? शार्लटच्या ॲट्रियम हेल्थविरुद्ध २०१६ मध्ये असा खटला झाला तो डीओजेने, नॉर्थ कॅरोलायना राज्याला सोबत घेऊन. विलीनीकरण असतं तर समोर बहुधा एफटीसी असती.

पायरी ५ : तिसरा प्रश्न, आधी कोणी हाताळलंय?

वरच्या दोन प्रश्नांत न सुटलेली सगळी प्रकरणं इथे येतात, म्हणजे बहुतेक दिवाणी प्रकरणं. एकाच कंपनीची दोघांनी समांतर चौकशी करायची नाही, असा दोन्ही संस्थांचा समझोता १९४८ पासून आहे. चौकशी सुरू करण्याआधी एकाने दुसऱ्याकडून मोकळीक घ्यायची. तिथे तिला ‘क्लिअरन्स’ म्हणतात. आपल्याकडे दोन पोलीस ठाणी ‘ही आमची हद्द नाही’ म्हणून फिर्यादीला फिरवतात. तिथे भांडण उलटं असतं, दोघंही म्हणतात ‘ही आमचीच हद्द’.

निकाल लागतो अनुभवावर. अलीकडच्या वर्षांत या उत्पादनाची, या बाजाराची सखोल चौकशी कोणी केली? ज्याच्याकडे त्या धंद्याच्या किमती, करार, गिऱ्हाईकं ठाऊक असलेले वकील आणि अर्थतज्ज्ञ आहेत, त्याला प्रकरण मिळतं. म्हणजे मागे एकदा योगायोगाने मिळालेली फाइल पुढची पन्नास वर्षं त्याच दारात येत राहते. त्यामुळे यादी तर्काने लावू पाहाल तर हाती काही लागत नाही. रुग्णालयं एफटीसीकडे, आरोग्य विमा डीओजेकडे. सुपरमार्केट, पेट्रोल पंप, रसायनं एफटीसीकडे. पोलाद, शेतमाल, वर्तमानपत्रं डीओजेकडे. पुस्तकंसुद्धा तिथेच: पेंग्विन रँडम हाउसने सायमन अँड शुस्टर घेणं २०२२ मध्ये डीओजेने थांबवलं. कोकाकोला आणि पेप्सी यांनी आपले बॉटलर, म्हणजे बाटल्या भरणाऱ्या कंपन्या, विकत घेतले तेव्हा २०१० मध्ये अटी घातल्या एफटीसीने. बिअरवाल्या एबी इनबेव्हने कोरोना नावाची बिअर बनवणारी मोडेलो घ्यायची म्हटल्यावर २०१३ मध्ये खटला भरला डीओजेने. बाटली दोन्हीकडे, दार वेगळं.

मार्च २००२ मध्ये दोन्ही संस्थांच्या प्रमुखांनी हे एकदाचं कागदावर आणलं. उद्योगांची लेखी वाटणी केली आणि क्लिअरन्सची भांडणं लवकर मिटवायची पद्धत ठरवली. प्रसारमाध्यमांची विलीनीकरणं डीओजेकडे जाणार हे सिनेटर अर्नेस्ट हॉलिंग्स यांना मान्य नव्हतं, आणि दोन्ही संस्थांच्या पैशाच्या किल्ल्या त्यांच्या समितीकडे होत्या. मे महिन्यात करार गुंडाळला गेला. तेव्हापासून गाडी पुन्हा सवयीवर चालते. मला विचाराल तर त्या करारातली वाटणी चांगली होती की वाईट यापेक्षा ती लेखी होती हेच मोठं होतं. आज नवख्या माणसाला जुन्या खटल्यांची यादी चाळत बसावं लागतं.

धंदा नवा असला की सवय उपयोगी पडत नाही आणि सरळ वाटप होतं. २०१९ मध्ये गूगल आणि अ‍ॅपल डीओजेकडे गेले, फेसबुक आणि अ‍ॅमेझॉन एफटीसीकडे. पुढच्या बातम्या या वाटपाच्या चौकटीत वाचा. गूगल सर्चचा खटला डीओजेने ऑक्टोबर २०२० मध्ये भरला, न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलला बेकायदा मक्तेदारीबद्दल दोषी धरलं, आणि सप्टेंबर २०२५ च्या आदेशात क्रोम विकायला लावलं नाही, पण एकाधिकाराच्या करारांवर बंदी आणली. फेसबुकवर एफटीसीने डिसेंबर २०२० मध्ये खटला भरला. नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल मेटाच्या बाजूने लागला. अ‍ॅमेझॉनवर एफटीसी सप्टेंबर २०२३ मध्ये कोर्टात गेली, अ‍ॅपलवर डीओजे मार्च २०२४ मध्ये. कृत्रिम बुद्धिमत्तेचंही २०२४ मध्ये असंच वाटप झालं: एनव्हिडिया एकाकडे, मायक्रोसॉफ्ट आणि ओपनएआय दुसऱ्याकडे. आता कोणतं कोणाकडे ते ओळखा. (एनव्हिडिया डीओजेकडे.)

हातातली फाइल दुसऱ्याकडे जाऊही शकते. मायक्रोसॉफ्टची चौकशी १९९० मध्ये एफटीसीने सुरू केली होती. १९९३ मध्ये कमिशनरांची मतं २-२ अशी अडकली, तेव्हा डीओजेने ती उचलली. १९९८ चा प्रसिद्ध खटला त्यातूनच पुढे आला. गूगल सर्चचंही असंच. एफटीसीने जानेवारी २०१३ मध्ये खटला न भरता चौकशी मिटवली होती. म्हणून ‘एका संस्थेने सोडलं म्हणजे सुटलो’ असं कोणी क्लायंटला सांगत असेल तर त्याला ही दोन उदाहरणं दाखवा.

पायरी ६ : विलीनीकरण असेल तर घड्याळ लावा

नोकरीत सगळ्यात जास्त काम इथे पडतं, म्हणून जरा सविस्तर.

१९७६ च्या हार्ट-स्कॉट-रोडिनो कायद्याने, बोलीत एचएसआरने, ठरावीक रकमेवरच्या सौद्यांची आगाऊ सूचना बंधनकारक केली. मर्यादा दर वर्षी बदलते. २०२५ मध्ये ती १२ कोटी ६४ लाख डॉलर होती. तिच्या वर गेलं की प्रत्येक वेळी अर्ज लागतोच असं नाही. मधल्या पट्ट्यात दोन्ही पक्षांची उलाढाल आणि मालमत्ताही पाहतात, शिवाय सवलती आहेत. फी सौद्याच्या आकारानुसार, २०२५ मध्ये सर्वांत खालची पायरी तीस हजार डॉलरची.

अर्ज दोन्ही संस्थांकडे जातो. तांत्रिक शंका विचारायच्या त्या मात्र एफटीसीच्या प्रीमर्जर नोटिफिकेशन ऑफिसला. अर्ज पूर्ण भरला की तीस दिवसांचा थांबा सुरू होतो. रोखीच्या टेंडर ऑफरला, म्हणजे भागधारकांकडून थेट शेअर घ्यायच्या जाहीर प्रस्तावाला, पंधरा दिवस. या दिवसांत सौदा पुरा करायचा नाही.

क्लिअरन्सही याच तीस दिवसांत होतो. बहुतेक सौद्यांत दोघांपैकी कोणालाच रस नसतो आणि मुदत निमूट सरते. रस असेल आणि दोघांनाही असेल, तर भांडणात गेलेले दिवस तुमच्या तीस दिवसांतूनच जातात. चौकशीला दिवसच उरले नाहीत, तर वकील अर्ज मागे घेऊन कामकाजाच्या दोन दिवसांच्या आत पुन्हा दाखल करतात, म्हणजे संस्थेला नवे तीस दिवस मिळतात. हा प्रकार ऐकायला चमत्कारिक वाटतो, पण पुढची ‘सेकंड रिक्वेस्ट’ टाळायला तो रोज वापरात असतो.

सेकंड रिक्वेस्ट म्हणजे कागदपत्रांची दुसरी मागणी. ज्या संस्थेला क्लिअरन्स मिळाला ती एकटीच ती पाठवते. साधारण शंभरातल्या दोन-तीन सौद्यांवर ती येते, पण आली की ईमेल, सादरीकरणं, किमतींचा डेटा असं लाखो पानांचं काम असतं आणि महिने जातात. पुरती माहिती दिल्यावर पुन्हा तीस दिवस. कंपनीतल्या नव्या माणसाने आजच एक सवय लावून घ्यावी. ‘हा प्रतिस्पर्धी विकत घेतला की भाव वाढवता येतील’ असलं वाक्य सादरीकरणात उत्साहाने लिहू नये. असली वाक्यं पुढे कोर्टात पडद्यावर दिसतात. अर्थात बेत खरोखरच तो असेल तर प्रश्न वाक्याचा नाही, सौद्याचा आहे.

मुदत संपायच्या आत समोरच्या कंपनीचा कारभार हातात घेतला तर त्याला ‘गन जंपिंग’ म्हणतात. जानेवारी २०२५ मध्ये तीन तेल कंपन्यांना यासाठी ५६ लाख डॉलर मोजावे लागले. चौकशी एफटीसीची, पण दंडाचा दावा कोर्टात न्याय खात्यामार्फत. एकाच प्रकरणात दोन्ही संस्था दिसल्या म्हणून गोंधळू नका.

पायरी ७ : कोर्ट कोणतं ते बघा

डीओजे विलीनीकरण रोखायला फेडरल जिल्हा न्यायालयात जाते आणि खटला तिथेच शेवटापर्यंत चालतो. एफटीसीची चाल दुहेरी. कोर्टाकडून तात्पुरता मनाई हुकूम मागायचा, आणि मुख्य सुनावणी आपल्याच घरातल्या प्रशासकीय न्यायाधीशापुढे चालवायची. त्याचा निकाल पुढे कमिशनकडे, म्हणजे ज्यांनी तक्रार दाखल करायचं मतदान केलं त्यांच्याचकडे. तिथून पुढे अपील न्यायालय.

जनुकीय तपासणीची यंत्रं बनवणाऱ्या इल्युमिनाने ग्रेल ही कर्करोग-चाचणीची कंपनी घेतली, त्या प्रकरणात हे उघड दिसलं. सप्टेंबर २०२२ मध्ये प्रशासकीय न्यायाधीशाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. एप्रिल २०२३ मध्ये कमिशनने तो फिरवला. डिसेंबरमध्ये अपील न्यायालयाने कायद्याच्या एका मुद्द्यावर फेरविचाराला पाठवला, पण पुराव्याबाबत एफटीसीचं बरंच मान्य केलं, आणि इल्युमिनाने ग्रेल सोडायचं ठरवलं. फिर्यादी आणि न्यायाधीश एकच, ही टीका जुनी आहे आणि मला ती बऱ्याच अंशी रास्त वाटते.

पण व्यवहारात बहुतेक लढाया मनाई हुकुमावरच संपतात. क्रोगर आणि अल्बर्टसन्स या किराणा साखळ्यांचा २४.६ अब्ज डॉलरचा सौदा १० डिसेंबर २०२४ ला ओरेगॉनच्या फेडरल न्यायालयाने रोखला. दुसऱ्याच दिवशी अल्बर्टसन्सने करार मोडला आणि क्रोगरवरच दावा ठोकला.

पैशाच्या वसुलीत एफटीसीचे हात बांधलेले आहेत. एफटीसी कायद्याच्या कलम १३(ब) खाली लोकांचे पैसे परत मिळवून देता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एकमताने सांगितलं.

पायरी ८ : दोघांचं पटलं नाही तर

एरवी दोघं जोडीने चालतात. विलीनीकरणाची मार्गदर्शक तत्त्वं १९९२ पासून एकत्र काढतात, शेवटची डिसेंबर २०२३ ची. पण क्वालकॉमच्या वेळी तमाशा झाला. एफटीसीने जानेवारी २०१७ मध्ये मोबाइल चिपच्या परवान्यांवरून खटला भरला, मे २०१९ मध्ये जिंकला. अपिलात डीओजे क्वालकॉमच्या बाजूने उतरलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांच्या वकिलाने एफटीसीविरुद्ध उभं राहून युक्तिवाद केला. एकच सरकार, एकाच कोर्टात, दोन्ही बाजूंना. ऑगस्टमध्ये एफटीसी हरली. एफटीसीचं अँटीट्रस्टचं काम डीओजेतच घालावं, अशी विधेयकं उटाचे सिनेटर माइक ली आणत असतात, त्यामागे असेच प्रसंग आहेत.

राज्यांचे अ‍ॅटर्नी जनरल आणि खासगी वादी हे तिसरं-चौथं दार. खासगी वादी जिंकला तर तिप्पट भरपाई, पण फक्त एफटीसीच्या कलम ५ वर त्याला दावा लावता येत नाही.

पायरी ९ : तुम्हालाच तक्रार करायची असेल तर

दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर तक्रारीची सोय आहे. संगनमताचा संशय असेल तर डीओजेकडे लिहा. बाकी प्रकरणांत कुठेही लिहिलं तरी चालतं. क्लिअरन्सचा प्रश्न त्यांचा, तुमचा नव्हे. तक्रारीत कंपन्यांची नावं, उत्पादन, काय घडलं, कधी, कोणाला त्याची झळ बसली आणि तुम्हाला हे कसं कळलं, इतकं द्या. ‘बाजारात अन्याय चाललाय’ अशी दोन पानं कोणी वाचत नाही. ही संस्था तुमचा वैयक्तिक वकील होणार नाही, पैसे मिळवून देणार नाही, आणि चौकशी चालू आहे की नाही हेही बहुधा सांगणार नाही.

फौजदारी स्वरूपाच्या संगनमताची माहिती दिली म्हणून मालकाने काढलं, तर २०२० च्या कायद्याने संरक्षण आहे, पण अमेरिकेच्या कामगार खात्याकडे १८० दिवसांत तक्रार करावी लागते. जुलै २०२५ पासून डीओजेने खबर देणाऱ्यांसाठी बक्षीस योजनाही सुरू केली आहे: दहा लाख डॉलरच्या वर वसुली झाली तर १५ ते ३० टक्के.

तुम्ही किंवा तुमची कंपनी स्वतःच संगनमतात असाल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तक्रारीचा अर्ज भरत बसू नका, त्याच दिवशी वकील गाठा. डीओजेच्या माफी योजनेत कंपन्यांपैकी पहिल्याच कंपनीला पूर्ण माफी मिळते. दुसऱ्या नंबरला दंडात सूट मिळू शकते, पण खटला टळत नाही. आपला नंबर राखून ठेवायला वकील फोन करून ‘मार्कर’ मागतो आणि तपशील नंतर देतो. तो फोन डीओजेलाच करायचा. एफटीसीकडे मार्कर मिळत नाही.